चिमणराव आपल्याही घरी राहतात

दिवाळी सरते, हलके धान कापून-चुरून होते आणि आपल्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावची मंडई, उद्या शेजारच्या गावची. लेकी माहेरी येतात, सोयरेधायरे येतात, रात्री दंडार नाहीतर नाटक असते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सारे गाव ओसरीवर बसून कालच्या रात्रीची उजळणी करते. अशाच एका मंडईच्या दुसऱ्या दिवशी मी चोरखमाऱ्याला गेलो होतो. नागझिऱ्याच्या जंगलाला लागून, तलावाच्या आधाराने धान पिकवणारे हे तिरोडा तालुक्यातले गाव. माझे काम होते बांधीतल्या ओलीवर हरभरा आणि जवस कसा घ्यावा हे सांगण्याचे. पण मंडईच्या दुसऱ्या दिवशी हरभऱ्याचे कोण ऐकतो? जो तो नाटकातल्या विनोदी नटाची नक्कल करण्यात दंग होता.

ज्यांच्या ओसरीवर मी बसलो होतो ते पतीपत्नी दोघेही कष्टाळू. चार एकर धान, दोन बैल, एक गाय. भोवती शेजाऱ्यांचा गोतावळा. एक गृहस्थ दर पाच मिनिटांनी "बरं, निघतो आता" म्हणत होते आणि प्रत्येक वेळी नवा चहा घेऊन पुन्हा टेकत होते. एक आजी भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. त्या झोपल्या आहेत असे समजून जो बोलेल तो फसेल, असे मला आधीच सांगण्यात आले होते. आणि यजमानांचा एक जिवलग मित्र होता, आडदांड अंगाचा, मोठ्या आवाजाचा. गावात कुणाचाही मोटारपंप बिघडला की हा धावून जातो. पंप दुरुस्त होईलच असे नाही, पण हा येईल हे नक्की.

वाचक बंधुभगिनींनो, त्या ओसरीवर मला एक गोष्ट ऐकायला मिळाली. ती ऐकून मी पोट धरून हसलो, आणि घरी परतताना वाटेत गंभीरही झालो. ती गोष्ट आणि तिच्यावरून आठवलेले काही जुने, असे दोन्ही आज आपल्यापुढे ठेवतो.

तणसाखालचा पंप

झाले होते असे. आमच्या यजमानांना पावसाळ्यात बॅटरीवर चालणारा फवारणी पंप घ्यायची हौस आली. घरधनीण म्हणाली, "यंदा नको. पोरीची फी भरायची हाय." यजमान म्हणाले, "बरं." आणि चार दिवसांनी कृषी केंद्रातून उधारीवर पंप घेऊन आले. आता घरी न्यायचा कसा? तेव्हा तो आडदांड मित्र धावून आला. त्याने पंप आपल्या गोठ्यात तणसाखाली लपवून ठेवला आणि छातीवर हात मारून सांगितले, "कोणाले पत्ता लागला तं माझं नाव बदलून ठेव."

पत्ता त्याच रात्री लागला. मित्राची बायको गाईला तणस टाकायला गेली आणि तिच्या हाताला पंपाची नळी लागली. दुसऱ्या दिवशी पाणी भरताना ती गोष्ट इकडे पोचली. पण आमच्या ताई मोठ्या धोरणी. त्यांनी घरात एक अक्षर काढले नाही. दीड महिना गेला. धान निसवण्यावर आले आणि बांधीत तुडतुडे दिसू लागले. यजमान पाठीवरचा जुना हातपंप शोधू लागले. तेव्हा ताई चुलीपुढून न उठता म्हणाल्या, "त्या जुन्याले कायले हात लावता जी? भाऊजीच्या गोठ्यात तणसाखाली आपला नवा पंप हाय, तो आना ना. अन् बुंध्यावर फवारा बरं, साहेब सांगून गेले हायेत."

ही गोष्ट ताईच सांगत होत्या. यजमान खाली मान घालून तंबाखू मळत होते आणि मित्र म्हणत होता, "माझं तणस कमी पडलं साहेब, नाहीतर..." भिंतीला टेकलेल्या आजी डोळे न उघडता म्हणाल्या, "मले पयल्या दिवशीच ठाऊक होतं."

मी हसता हसता म्हणालो, "अहो, तुम्ही तर चिमणराव आणि गुंड्याभाऊच निघालात!" जुन्या माणसांनी माना डोलावल्या. तरुण पोरे मात्र विचारू लागली, "हे चिमणराव कोन जी?" मग हरभरा बाजूला ठेवून मी त्यांना चिमणराव सांगितला. तोच आता आपल्यालाही सांगतो.

पाखरांच्या नावाचे बिऱ्हाड

चिमणराव हे चिंतामण विनायक जोशी यांच्या लेखणीतून उतरलेले पात्र. जोशी यांचा जन्म १८९२ सालचा आणि मृत्यू १९६३ सालचा. ते बडोद्याच्या महाविद्यालयात पाली भाषा शिकवीत. इतक्या गंभीर विषयाच्या या प्राध्यापकांनी महाराष्ट्राला पिढ्यान्‌पिढ्या हसवले. 'चिमणरावाचे चऱ्हाट', 'एरंडाचे गुऱ्हाळ', 'वायफळाचा मळा' ही त्यांच्या पुस्तकांची नावे. शेतकऱ्याला ही नावे समजावून सांगावी लागत नाहीत. चऱ्हाट वळताना ते कसे लांबतच जाते हे आपल्याला ठाऊक आहे. एरंड चरकात घालून रस निघत नाही हेही ठाऊक आहे. लेखक शहरातला, पण थट्टेला शब्द मात्र आपल्या शेतातले घेतलेले.

चिमणराव पुण्यात राहणारे, कचेरीत कारकुनी करणारे, अंगाने किरकोळ आणि स्वभावाने भित्रे. पण बोलण्यात आव मोठा. त्यांची पत्नी काऊ. मुले मोरू, मैना आणि राघू. चिमणी, कावळा, मोर, मैना, पोपट, म्हणजे सारे बिऱ्हाडच पाखरांच्या नावाचे! आणि या घरट्यात वेळी-अवेळी येऊन थडकणारा गुंड्याभाऊ. हा चिमणरावांच्या अगदी उलट. अंगापिंडाने भक्कम, हाती सोटा, डोके थंड ठेवणे माहीतच नाही. चिमणरावांवर संकट आले की गुंड्याभाऊ धावतो आणि बहुधा एका संकटाची दोन करून ठेवतो. पण तो धावतो, हे महत्त्वाचे.

ही जोडी लोकांना इतकी आवडली की १९४० साली मास्टर विनायकांनी 'लग्न पहावे करून' हा बोलपट काढला. त्यात दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. पुढे मुंबईला दूरदर्शन केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्या केंद्रावरून १९७० च्या दशकाच्या अखेरीस चिमणरावांची मालिका दिसू लागली. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. चित्र काळेपांढरे, घर साधे, पात्रे मोजकी. पण मुंबई-पुण्याकडचे लोक, ज्यांच्या घरी संच असेल त्याच्याकडे दाटीवाटीने बसून ती पाहत. १९७९ साली याच दोघा नटांना घेऊन चित्रपटही निघाला.

आपल्या भागात तेव्हा दूरदर्शन कुठले? आमच्या वडिलांनी चिमणराव वाचला तो गावातल्या वाचनालयाच्या फाटक्या प्रतीतून. कंदिलाशी बसून ते वाचत आणि मध्येच एकटे हसत. आई विचारी, "काय झालं?" मग ते तेवढे पान मोठ्याने वाचून दाखवीत. त्या घरात पैशाची चणचण होती, पण त्या पाच मिनिटांत ती कुठे दिसत नसे.

जोडपी निराळी, गोष्ट एकच

आमच्या पिढीने अशी जोडपी पडद्यावर पाहिली ती हिंदीत. १९८४ साली दूरदर्शनवर 'ये जो है जिंदगी' सुरू झाली. रणजित आणि रेणू हे तरुण जोडपे, त्यांच्याकडे राहणारा रेणूचा बेकार भाऊ राजा आणि येणारे-जाणारे नाना तऱ्हेचे शेजारी. रणजितचे काम करणारे शफी इनामदार मूळचे आपल्या कोकणातले, दापोलीकडचे. सतीश शाह या नटाने तर दर भागात निराळा माणूस होऊन धमाल उडवली. मी तेव्हा शाळेत होतो. सुटीत नागपूरला मामांकडे गेलो की शुक्रवारची रात्र मामांच्या शेजाऱ्यांच्या घरी. खोलीत जागा मिळाली नाही तर खिडकीबाहेर उभे राहायचे.

मग १९८८ साली आली 'वागळे की दुनिया'. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी आपल्या चित्रांतून सामान्य माणूस साऱ्या देशाला दाखवला होता. त्यांच्याच कल्पनेतून हा श्रीनिवास वागळे उभा राहिला. एका कंपनीतला साधा कारकून, पत्नी राधिका आणि दोन मुले. अंजन श्रीवास्तव वागळे झाले आणि गायिका माणिक वर्मा यांच्या कन्या भारती आचरेकर राधिका झाल्या. मी तेव्हा कृषी महाविद्यालयाच्या वसतिगृहात होतो. आम्ही सारी शेतकऱ्यांची पोरे. वागळ्यांची बसमधली धावपळ आमची नव्हती, पण महिनाअखेरीस वागळे खिशात हात घालून जो चेहरा करीत, तो आम्ही घरी पाहिलेला होता. ही मालिका लोकांच्या मनात इतकी रुजली की २०२१ साली त्याच नावाने नवी मालिका सुरू झाली. तीत हे दोघे आजी-आजोबा होऊन पुन्हा आले.

चिमणराव-काऊ, रणजित-रेणू, वागळे-राधिका. काळ निराळा, शहर निराळे, भाषाही निराळी. पण तिन्ही घरांची घडण एकच आहे. मिळकत ठरलेली आणि तोकडी. पुरुषाला वाटते की घराचा कर्ता आपण, सारे आपल्याला कळते. मग तो काहीतरी मोठेपणा करायला जातो आणि फसतो. फसले हे लपवायला आणखी एक थाप मारतो. मित्र मदतीला येऊन गुंता वाढवतो. शेजारी डोकावतात. आणि शेवटी कळते की घरच्या बाईला बरेचसे आधीच ठाऊक होते. ती रागावते, पण घर मोडत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा होतो.

आता सांगा, तणसाखालचा पंप याहून निराळा आहे का?

स्वतःची फजिती स्वतः सांगणारा माणूस

पण चिमणरावांच्या गोष्टींत एक बारकावा आहे. वाचताना तो सहज निसटतो. या गोष्टी सांगतो कोण? शेजारी सांगत नाही, काऊ सांगत नाही. चिमणराव स्वतःच सांगतात. आपण कसे घाबरलो, कसे फसलो, लोक कसे हसले, हे सारे ते आपल्याच तोंडाने, काही न लपवता सांगतात. या माणसाजवळ पैसा नाही, ताकद नाही, फारशी हुशारीही नाही. पण आपली फजिती चारचौघांत सांगण्याचे धैर्य आहे. मला तर वाटते, या भित्र्या माणसाइतका धीट माणूस मराठीत दुसरा नसेल.

तीस वर्षे मी गावोगाव फिरलो. शेतकऱ्याचे नुकसान पावसाने होते, तुडतुड्याने होते, भावानेही होते. पण कित्येक घरे मी आतून पोखरलेली पाहिली ती लपवालपवीने. कृषी केंद्राची उधारी, सोसायटीचे कर्ज, वर सावकाराचे हातउसने. याचा आकडा फक्त त्या एका माणसाच्या डोक्यात. बायकोला सांगितले तर कमीपणा, बापाला सांगितले तर बोलणी, मित्राला सांगितले तर गावभर होईल अशी भीती. मग तो रात्री एकटाच हिशेब मांडत बसतो. अंधारात एकट्याने मांडलेला आकडा आहे त्याहून मोठा दिसतो. आपल्या विदर्भात किती कर्ती माणसे या अंधारातून परतली नाहीत, ते मी नव्याने सांगायला नको. कितीतरी भगिनींना घरावरच्या कर्जाचा खरा आकडा कळला तो धनी गेल्यानंतर, दारात वसुलीवाले आल्यावर.

कर्ज हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. भाव, पाऊस, व्याज ही दुखणी विनोदाने बरी होत नाहीत, हे मी पक्के जाणतो. मी एवढेच म्हणतो, की ओझे खरे असले तरी ते एकट्याने वाहायचे की दोघांनी, हे बरेचसे आपल्या हातात असते.

माझे स्वतःचे चऱ्हाट

दुसऱ्याला उपदेश करण्याआधी माझे सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका सोबत्यासाठी मी एका पतसंस्थेत जामीन राहिलो. घरी सांगितले नाही. सोबत्याचे हप्ते थकले आणि माझ्या पगारातून रक्कम कापली जाऊ लागली. आता घरी काय सांगावे? मी पत्नीला सांगितले, "पगार कमी आला. वरून तसा आदेश आहे." दुसऱ्या महिन्यातही वरून आदेश. तिसऱ्या महिन्यातही वरून आदेश. मला झोप येईना. जेवताना मुलांवर खेकसू लागलो. गावातल्या सभेत शेतकऱ्यांना हिशेबाची वही ठेवायला सांगायचो आणि घरी आलो की स्वतःची वही कुलपात ठेवायचो.

एके सकाळी शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "साहेबांच्या नावाची नोटीस आली म्हणे." पत्नीने विरजण दिले, दार लावले आणि माझ्यापुढे येऊन बसली. मी चिमणरावांसारखा इकडे-तिकडे पाहू लागलो. ती शांतपणे म्हणाली, "आदेश वरूनच येतो असं नाही, घरातूनही निघतो. आकडा सांगा." मी सांगितला. ती बराच वेळ गप्प राहिली. तिला राग जामीन राहिल्याचा आला नव्हता. "तीन महिने तुम्ही एकटे होतात आणि मला वाटत होतं माझंच काही चुकलं," एवढेच ती म्हणाली. ते वाक्य मी अजून विसरलो नाही.

रक्कम पुढे दोन वर्षांत फिटली. तिने गहाण ठेवलेला गोफही सुटला. पण माझी झोप परत आली ती रक्कम फिटल्यावर नव्हे, आकडा सांगितला त्याच रात्री. आज आमच्या घरी पगार कमी-जास्त आला की मुलेच विचारतात, "बाबा, वरून आदेश का?" आणि सारे हसतात. मी जास्त हसतो.

मग चोरखमाऱ्याला काय झाले

आता परत त्या ओसरीवर जाऊ. माझे चिमणराव सांगून झाले, हसणे ओसरले. पोरे मोबाईलवर जुने भाग शोधू लागली. तेवढ्यात ताई यजमानांकडे वळून म्हणाल्या, "पंपाचं समजलं. पन कृषी केंद्रात आपली सारी उधारी किती हाय, ते सांगाल का? आज साहेबही बसले हायेत."

ओसरी गप्प झाली. निघतो निघतो म्हणणारे गृहस्थही या वेळी काही बोलले नाहीत. यजमानांनी तंबाखूची मळणी थांबवली. मला वाटले आता ते रागाने उठून जातील. पण थोड्या वेळाने त्यांनी हळूच आकडा सांगितला. पंपाची रक्कम त्यात सर्वांत लहान होती. खत, औषध, रोवणीची मजुरी यांसाठी घेतलेले हातउसने, सारे मिळून तो आकडा ताईंच्या अंदाजाहून पुष्कळ मोठा होता. ताईंचा चेहरा उतरला. पण त्या म्हणाल्या, "बरं. आता वही आना." मुलीची जुनी वही आली आणि तिच्या मागच्या पानावर आम्ही सारे मांडले. धानाचे चुकारे आल्यावर आधी कोणाचे द्यायचे, कशाचे व्याज चढते आहे, कोण थोडे थांबेल. तो आडदांड मित्र इतका वेळ खाली पाहत होता. तो म्हणाला, "वहिनी, माझेही त्यात पाच हजार हायेत. ते उन्हाळ्यानंतर द्या." यजमानांनी हे सांगितलेच नव्हते. पुन्हा एकदा हशा पिकला, पण या वेळी ताईंच्या डोळ्यांत पाणीही होते.

भिंतीला टेकलेल्या आजी म्हणाल्या, "हे मात्र मले ठाऊक नव्हतं."

मी परतलो तेव्हा हरभऱ्याबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. पण नोकरीतली माझी ती एक चांगली सभा होती असे मला वाटते.

कोणते हसू चांगले

एक सावधगिरी मात्र हवी. सगळेच हसू घर सांधत नाही. काही हसू घर उसवतेही. आजकाल मोबाईलवर नवराबायकोचे विनोद ढिगाने येतात. त्यांतले बरेचसे बायकोला खर्चिक, भांडखोर, बिनडोक ठरवून झालेले असतात. चारचौघांत असा विनोद ऐकून बाई हसते, कारण न हसावे तर आणखी हसतील. ते हसू आतून बोचते. चिमणराव किंवा वागळे यांच्या घरात थट्टा बहुतेक कर्त्या पुरुषाच्या पोकळ डौलाची असते. आपल्या दंडारीतला, नाटकातला जाणता विनोदी नटही आधी स्वतःला हास्यास्पद करतो. झाडीपट्टी रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा साऱ्या झाडीपट्टीला आनंद झाला. या भागातली माणसे रात्र-रात्र जागून नाटक पाहतात, हसतात, रडतात आणि पहाटे त्याच वाटेने बांधीवर जातात. हसण्याची ही शिदोरी आपल्याकडे आधीपासूनच आहे. ती मंडपात सोडून न येता घरी आणावी, एवढेच.

तिसरे जोशी

जाता जाता एक नावाची गंमत सांगतो. चिमणराव लिहिले चिं. वि. जोशी यांनी. 'ये जो है जिंदगी' ही मालिका लिहिली हिंदीतले विनोदी लेखक शरद जोशी यांनी. आणि शेतकऱ्याला शरद जोशी म्हटले की आठवतात ते शेतकरी संघटनेचे. हे दोन शरद जोशी अगदी निराळे, एकाच्या नावाचे श्रेय दुसऱ्याला देऊ नका. पण हे तिसरे जोशीही नवराबायकोच्या नात्याबद्दल फार मोलाचे बोलले. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला त्यांच्या संघटनेचे मोठे शेतकरी महिला अधिवेशन झाले. पुढे त्यांनी 'लक्ष्मीमुक्ती' ही मोहीम काढली. घरची लक्ष्मी म्हणून बाईला नुसते ओवाळू नका, जमिनीचा काही हिस्सा तिच्या नावे करा, असे त्यांनी शेतकऱ्यांना सांगितले. अनेक गावांतल्या पुरुषांनी ते ऐकले. १९९२ साली शासनानेही परिपत्रक काढले. पतीने स्वखुशीने अर्ज केल्यास सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावता येते. आपल्या तलाठी कार्यालयात याची चौकशी जरूर करा.

हे इथे सांगण्याचे कारण असे, की आकडा सांगणे ही पहिली पायरी आणि नाव लावणे ही पुढची. जिला कर्ज ठाऊक आहे तिला जमिनीतही हक्क असावा. नुसते ओझे वाटून द्यायचे आणि मालकी आपल्याकडे ठेवायची, हा चिमणरावांनाही शोभला नसता असा कावा होईल.

एवढे कराल ना?

विस्तार अधिकाऱ्याला चार सूचना केल्याशिवाय लेख संपवता येत नाही. तेव्हा त्याही ऐका.

पहिली गोष्ट, घरात एक वही ठेवा आणि ती दोघांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवा. उधारी, कर्ज, हातउसने, जामीनकी, सारे तिच्यात मांडा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारे लेकरू लिहील.

दुसरी, पासबुके, कर्जाचे कागद, विम्याच्या पावत्या, सातबारा हे सारे एका पेटीत ठेवा. त्या पेटीची जागा पत्नीला ठाऊक असू द्या.

तिसरी, आठवड्यातून एक संध्याकाळ हिशेबाची ठरवा. आधी चहा, मग हिशेब. भांडण झाले तर होऊ द्या. वही फाडू नका.

चौथी, एक तरी गुंड्याभाऊ जोडून ठेवा. ज्याच्यापुढे आपला आकडा बोलता येईल आणि जो रात्री हाक मारली तरी उठून येईल, असा. तो फार शहाणा नसला तरी चालेल. आणि आपल्या शेजारी कुणी अचानक गप्प झाला, ओसरीवर येईनासा झाला, तर बोलावण्याची वाट न पाहता आपण त्याचे गुंड्याभाऊ व्हा.

आणि शेवटची, आपली एखादी फजिती आज रात्री जेवताना घरच्यांना सांगा. लहानशी असली तरी चालेल. मुले हसतील. घरधनीण कदाचित म्हणेल की तिला आधीच ठाऊक होते. म्हणू द्या. लहान फजिती सांगण्याची सवय असली की मोठी सांगण्याची वेळ येते तेव्हा जीभ अडखळत नाही.

परवा चोरखमाऱ्याहून निरोप आला. हरभरा चांगला उगवला आहे. आणि ताईंनी खास सांगायला लावले, "पंप आता घरातच राह्यते."